खेळांतील नायिका

खेळ म्हणजे केवळ वेळ घालविण्याचें साधन, असें पुष्कळांस वाटतें. परंतु कोणत्याही समाजाचे खेळ जरा निरखून पाहिले, म्हणजे त्या समाजानें कोणास थोर मानिलें, कोणास गौण लेखिलें आणि कोणाची आठवणही ठेविली नाहीं, हें त्यांत स्पष्ट दिसूं लागतें. सावंतवाडीच्या गंजिफा प्रसिद्ध आहेत. त्यांतील दशावतारी गंजिफांच्या संचांत हातानें रंगविलेलीं १२० वाटोळीं पानें असतात. दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत एक राजा, एक वजीर व दहा साधीं पानें. राणी मात्र एकाही रंगांत नाहीं. युरोपांतून आलेल्या पत्त्यांत राणी आहे, पण ती राजाच्या एक पायरी खालीं. बुद्धिबळाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. आपण ज्या मोहऱ्यास वजीर म्हणतों, त्यास युरोपांत राणी म्हणतात. जुन्या खेळांत हा मोहरा तिरपा एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत त्यास आजची चाल मिळाली व पटावरील सर्वांत बलवान मोहरा तोच ठरला. एकाच मोहऱ्यास एका देशानें पुरुष मानिलें व दुसऱ्यानें स्त्री. तेव्हां खेळांतील पात्रास कोणतें रूप द्यावें आणि तें कोणीं द्यावें, हा प्रश्न फार जुना आहे.

आतां पट मोबाइलच्या कांचेवर आला आहे. बीड जिल्ह्यांतील लहानशा खेड्यांतही संध्याकाळीं पारावर चार मुलें बसलेलीं दिसलीं, कीं त्यांतील दोघांच्या तरी हातांत नेमबाजीचा किंवा शर्यतीचा एखादा खेळ चाललेला असतो. या खेळांतील स्त्रिया कशा रेखाटाव्या, यावरून कित्येक वर्षें जगांत मोठा वाद चालू आहे. तो वाद आमच्या वर्गांत कसा येऊन पोंचला, आणि त्यानें आम्हांस काय विचार करावयास लाविलें, हें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. १९८१ सालीं जपानांत ‘डाँकी काँग’ नांवाचा खेळ निघाला. त्यांत एक दांडगा वानर एका स्त्रीस उंच माचीवर नेऊन ठेवितो, व एक सुतार तिला सोडविण्यासाठीं वर चढतो. त्या स्त्रीनें करावयाचें काय, तर उभें राहून मदतीसाठीं हाका मारावयाच्या. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळांतही राजकन्या कैदेंत, आणि तिला सोडविणें हेंच खेळाचें साध्य. मधल्या काळांत, १९८२ सालीं, अमेरिकेंत ‘मिस पॅक-मॅन’ निघाला. मूळचा पॅक-मॅन म्हणजे नुसतें पिवळें वाटोळें तोंड. त्याच तोंडाच्या डोक्यावर फीत बांधली, ओठांस लाली लाविली आणि गालावर तीळ काढिला, कीं झाली स्त्री! त्या काळच्या यंत्रांवर थोडक्या ठिपक्यांत चित्र बसवावें लागे, ही अडचण खरी. परंतु त्या अडचणींतून एक संवय रुजली. कांहीं खूण नसलेलें तोंड तें पुरुषाचें समजावें, आणि त्यावर शृंगार चढविला कीं तें स्त्रीचें समजावें, अशी ती संवय होय.

१९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’ या खेळाची कथा तर विचार करण्यासारखी आहे. त्यांतील योद्धा आरंभापासून चिलखतानें पूर्ण झांकलेला असे. जो खेळाडू तो खेळ लवकर संपवी, त्यास शेवटीं चिलखत उतरलेलें दिसे, व हा शूर योद्धा म्हणजे सॅमस अॅरन नांवाची एक स्त्री आहे असें कळे. पुष्कळांस तो आश्चर्याचा व आनंदाचा क्षण वाटला. पण त्यांतही अशी योजना होती कीं, जो जितका जलद खेळेल त्यास ती तितक्या कमी कपड्यांत दिसावी. म्हणजे पराक्रम तिचा, आणि बक्षीस मात्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांस!

पुढें १९९६ सालीं इंग्लंडांतील डर्बी गांवच्या कोअर डिझाइन या कंपनीनें ‘टूम रेडर’ हा खेळ काढिला, आणि लारा क्रॉफ्ट ही नायिका जगाच्या घरोघरीं पोंचली. लारा पुराणवस्तूंचा शोध घेणारी, एकटीनें पडक्या मंदिरांत व गुहांत शिरणारी, कोणाच्याही सुटकेची वाट न पाहणारी अशी होती. परंतु तिचा देह चित्रकारानें असा कांहीं काढिला होता कीं, जगांतल्या कोणत्याही बाईचा तसा नसतो. आणि जाहिराती करणाऱ्यांनीं तिच्या धाडसापेक्षां त्या देहाचाच बाजार अधिक मांडिला. कित्येक स्त्रियांनीं म्हटलें, ‘खेळाची सूत्रें प्रथमच एका स्त्रीच्या हातीं आलीं, हें आम्हांस पुरे आहे.’ दुसऱ्या कित्येकींनीं म्हटलें, ‘ही स्त्री नव्हे, पुरुषांसाठीं केलेली बाहुली आहे.’ दोहींतही तथ्य होतें. २०१३ सालीं तीच लारा नव्या खेळांत नव्यानें रेखाटली गेली. तेव्हां ती दमते, पडते, जखमेनें कण्हते आणि तरीही पुढें जाते, अशी माणसासारखी दाखविली गेली.

हा वाद नेहमीं सभ्यपणें चालला असता तर बरें झालें असतें. अनीता सार्कीसियन या बाईंनीं २०१३ पासून खेळांतील स्त्रीचित्रणावर टीका करणाऱ्या चित्रफितींची एक माला प्रसिद्ध केली. त्याबद्दल त्यांना इतक्या घाणेरड्या शिव्या व धमक्या आल्या कीं, ऑक्टोबर २०१४ मध्यें अमेरिकेंतील यूटा राज्याच्या एका विद्यापीठांतील त्यांचें व्याख्यान त्यांना रद्द करावें लागलें. कारण गोळीबाराची धमकी आली असतांही श्रोत्यांस शस्त्र घेऊन सभागृहांत येण्यास तेथील कायद्याप्रमाणें मज्जाव करतां येत नव्हता. खेळांतील चित्रांविषयीं बोलणाऱ्या स्त्रीस जिवाची भीति घालावी, इतका हा प्रश्न लोकांच्या मनास कां झोंबला, याचें आम्हांस फार दिवस नवल वाटे. २०२४ सालीं दक्षिण कोरियांत तयार झालेल्या ‘स्टेलर ब्लेड’ या खेळाच्या नायिकेवरून तोच वाद पुन्हां पेटला. एक पक्ष म्हणाला, कलावंतास सौंदर्य रेखाटण्याची मोकळीक हवी. दुसरा म्हणाला, सौंदर्य हवें तर असूं द्या, पण प्रत्येक नायिकेचा सांचा एकच कां?

यांत व्यापाराचाही भाग आहे, तो मुलांनीं ध्यानांत ठेवावा. मोबाइलवरील पुष्कळसे खेळ फुकट मिळतात. पैसा मिळतो तो त्यांतील पात्रांचे पोशाख व शस्त्रांचे रंग विकून. दुकानाच्या दर्शनी भागांत जशी कापडाची बाहुली उभी करतात, तसें मग खेळांतील पात्रही पोशाख खपविण्यासाठीं उभें केलें जातें.

या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळासाठीं आम्हीं विषय नेमिला: ‘खेळांतील स्त्रीपात्रांचा पोशाख सभ्यच असला पाहिजे.’ नववी व दहावीचे वर्ग एकत्र बसले. अनुकूल बाजूच्या एका मुलानें सांगितलें कीं, घरीं वडील माणूस जवळ आलें म्हणजे खेळ झांकावा लागतो, आणि जो झांकावा लागतो तो चांगला कसा म्हणावा? प्रतिकूल बाजूच्या एकानें उत्तर दिलें कीं, पुरुषपात्रांचे दंडही खोटेच फुगविलेले असतात. त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाहीं. यावर एका मुलीनें फार नेमकें उत्तर दिलें. ती म्हणाली, ‘पुरुषाचे दंड फुगविले म्हणजे तो काय करूं शकतो हें दिसतें. बाईचें अंग तसें काढिलें म्हणजे पाहणाऱ्यास काय हवें आहे हें दिसतें. या दोन गोष्टी सारख्या नाहींत.’ आणखी एका मुलीनें तुळजापूरच्या भवानीचा दाखला दिला. तिच्या हातीं शस्त्रें आहेत व पायाखालीं महिषासुर आहे. तिचें दर्शन घेणारा मनुष्य तिच्या पराक्रमाकडे पाहतो, पोशाखाचा विचार त्याच्या मनांत येत नाहीं.

सभा येथेंच संपती, पण मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचें नांव आम्ही येथें देत नाहीं. तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीस जातात, व ती आजीजवळ राहून शिकते. ती म्हणाली, ‘पोशाखाचें राहूं द्या. मी खेळतें, पण मुलाचें नांव लावून खेळतें. एकदां स्वतःचें नांव लाविलें होतें. माझा आवाज ऐकल्याबरोबर संगतीच्या खेळाडूंनीं खेळ सोडला आणि जें बोलूं नये तें बोलूं लागले. तेव्हांपासून मी बोलत नाहीं. मुलगी म्हणून खेळावयाचें झालें तर मुकाट्यानें खेळावें लागतें.’ वर्ग स्तब्ध झाला. चित्रांतील स्त्रियांविषयीं तासभर बोलणाऱ्या त्या मुलांपुढें आतां त्यांच्याच वर्गांतील एक मुलगी उभी होती.

ही गोष्ट तिच्या घरीं गेली. आठ दिवसांनीं तिचे आईबाप शाळेंत आले. वडिलांनीं मोबाइल मुलीच्या हातून काढून धाकट्या मुलाच्या हातीं दिला होता. ‘सर, पोरीनं खेळायचंच कशाला? नको ती भानगड,’ असें त्यांचें म्हणणें. त्यांत दुष्टपणा कांहीं नव्हता. बापाची काळजी होती. पण त्याच मोबाइलवर तिचे अभ्यासाचे पाठही येत असत, व ते आतां बंद झाले होते. आम्ही उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत पदर सांवरीत आई म्हणाली, ‘सर, ज्यानं वंगाळ बोललं त्याला कुनी काय म्हनलं न्हाई. अन् माझ्या लेकीचाच फोन काढून घ्यायचा का? अन् हा बारका तरी काय बोलतोय खेळताना, ते कुनी ऐकलंय?’

त्या माउलीच्या दोन वाक्यांत आमच्या सबंध सभेचा निकाल होता. आम्ही वडिलांस एवढेंच म्हटलें कीं, मुलाच्या हातीं मोबाइल देतांना त्याच्या तोंडीं कोणती भाषा येते हेंही पाहावें. ते गृहस्थ कांहीं वेळ खालीं पाहत बसले, आणि बरें म्हणून उठले. पुढच्या आठवड्यांत मुलीनें सांगितलें कीं, मोबाइल आतां दोघां भावंडांस सारखा वेळ मिळतो, आणि खेळ खेळावयाचा तो ओसरीवर, आजीच्या कानांदेखत.

पाहणाऱ्याची ही संवय काल्पनिक नायिकांपुरती राहत नाहीं, हें आणखी एका उदाहरणानें दिसेल. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्यें नेदरलँड्समधील वाइक आन झी येथें खेळली, तेव्हां ती १८ वर्षांची होती. प्रेक्षक आपल्या चालींऐवजीं आपले कपडे, केस व बोलण्याची ढब यांचीच चर्चा करतात, अशी व्यथा तिनें त्या स्पर्धेनंतर उघड बोलून दाखविली. पुढें जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें कोनेरू हंपी यांना हरवून तिनें महिलांचा विश्वचषक जिंकला, व ग्रँडमास्टर ही पदवीही मिळविली. पटावर चौसष्ट घरें मांडलेलीं असतांना ज्यांची दृष्टि तिच्या कपड्यांवर गेली, त्यांनीं ती दृष्टि कोठें तरी शिकून घेतली असली पाहिजे. दिवसाचे चार तास जें चित्र डोळ्यांपुढें असतें, तेंही एक प्रकारचें शिक्षणच होय.

यावर कोणी विचारील कीं, मग चांगली नायिका कशी असावी, तें तरी सांगा. त्याचें एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. संस्थेच्या तीन संस्थापकांपैकीं श्रुती घोष या स्वतः चित्रकार आहेत. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी मंडळींनीं काम सोडलें नाहीं. खेळांतील वाड्यांची धाटणी राजस्थानी आहे, आणि मधल्या पुराणकथा पहाडी चित्रांची आठवण देतात. २०२० सालच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांसाठीं, पहिलाच खेळ काढणाऱ्यांच्या वर्गांत, जगांतील पांच खेळांत याची निवड झाली होती.

राजी ही एक पोरकी मुलगी. फिरत्या खेळवाल्यांच्या मेळ्यांत दोरीवरच्या व उड्यांच्या कसरती करून ती पोट भरते. तिचा धाकटा भाऊ गोलू यास राक्षस पळवून नेतात, आणि त्यास सोडविण्यासाठीं ती निघते. दुर्गेचा त्रिशूळ तिच्या हातीं येतो. १९८१ च्या त्या खेळांत स्त्री माचीवर हाका मारीत उभी होती. येथें कैदेंत आहे तो मुलगा, आणि माची चढते ती बहीण. तिचें चपळ अंग तिच्या कसरतींतून आलें आहे, व त्याच कसरतींवर ती लढते. तिला खेळांतून काढून टाकिलें तर खेळच उरत नाहीं.

ही कथा आम्हीं वर्गांत सांगितली, तेव्हां मुलांस ती परकी वाटली नाहीं, याचें कारण बीडकरांस सांगावयास नको. दसरा झाला कीं आपल्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. आईबाप पहाटेच्या अंधारांत फडावर जातात, आणि कोपीशीं मागें राहते ती आठदहा वर्षांची बहीण. धाकट्या भावास कडेवर घेऊन ती पाणी भरते, भाकरी थापते, त्यास गाडीबैलापासून व विंचूकाट्यापासून राखते. तिच्यावर अद्याप कोणीं खेळ काढिलेला नाहीं. पण राजी आणि ती या एकाच जातकुळीच्या आहेत. आणि याच जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेंत, सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलग्यांमागें मुली केवळ ८०७ भरल्या होत्या. २००१ सालीं हीच संख्या ८९४ होती. जेथें मुलगी जन्मास येण्यापूर्वींच नकोशी होते, तेथें चित्रांतली, गोष्टींतली व खेळांतली मुलगी कशी दाखविली जाते, हा प्रश्न करमणुकीचा म्हणून सोडून देतां येत नाहीं. ज्या मुलाच्या डोळ्यांपुढें स्त्री केवळ शोभेची म्हणून सतत नाचत राहिली, त्याच्याकडून पुढें मुलीच्या जन्माचा आनंद मानण्याची अपेक्षा कशी करावी?

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही तीन प्रश्न देतों. कोणताही नवा खेळ हातीं घेतला, कीं त्यांतील स्त्रीविषयीं ते आपल्या मनास विचारावे. तिला स्वतःचें कांहीं काम आहे, कीं ती दुसऱ्याच्या कामाचें निमित्त आहे? तिचें रूप व वेश तिच्या कामास साजतात, कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं आहेत? आणि तिला वगळलें तर खेळ अडतो, कीं तसाच चालतो? सभेंत आम्हीं नेमिलेला विषय पोशाखाचा होता; परंतु या तीन प्रश्नांत पोशाख हा एकाच प्रश्नाचा अर्धा भाग आहे, हें सुज्ञ वाचक पाहतीलच. अंगभर वस्त्र नेसविलेली पण कांहींच न करणारी बाहुली आम्हांस तितकीच खटकते.

पालकांस आमची विनंति अशी कीं, खेळ वाईट वाटला तर तो बंद करण्याचा अधिकार तुमचा आहेच; पण तो मुलासाठींही बंद करा, एकट्या मुलीसाठीं करूं नका. मुलीनें घरीं येऊन कांहीं तक्रार सांगितली, तर ती सांगितल्याबद्दल तिला शिक्षा होऊं देऊं नका. कारण एकदां तशी शिक्षा झाली, कीं ती पुढची तक्रार तुम्हांस कधींच सांगणार नाहीं. आठवड्यांतून एकदां तरी मुलाशेजारीं बसून तो काय खेळतो व काय बोलतो हें ऐका. त्यास अर्धा तास पुरतो.

आणि मुलींनो, तुम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, खेळांतील स्त्री चांगली रेखाटली जावी असें वाटत असेल, तर रेखाटणाऱ्यांच्या पंक्तींत तुम्हीं जाऊन बसलें पाहिजे. तुमच्यापैकीं पुष्कळजणी एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात. चित्रकलेच्या वहीबरोबर गणिताची वहीही सोडूं नका. खेळ तयार करण्यास दोन्ही लागतात.

पुढील वर्षाच्या या वार्षिकासाठीं आम्ही आतांपासूनच एक पान राखून ठेवितों. खेळांत असावी असें तुम्हांस वाटणारी एक नायिका मुलांनीं व मुलींनीं रेखाटावी, आणि चित्राखालीं ती काय काम करते हें एका ओळींत लिहावें. चित्रें दिवाळीच्या सुटीपूर्वीं वर्गशिक्षकांकडे द्यावीं. ज्यांस ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांबरोबर निघावयाचें आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं द्यावीं. त्यांचीं चित्रें आम्हांस विशेष पाहावयाचीं आहेत.